तिसऱ्या दिशेवरचा अन्याय

आमच्या शाळेत षटकोनी घरांच्या पटावर खेळणाऱ्यांचं एक मंडळ आहे. मंडळातून आंतरशालेय स्पर्धेला एकच मुलगी जाणार होती. माझी मैत्रीण चिमणी उत्तम खेळते. मी उत्तम बोलते. त्यामुळे सचिव मी.

पहिला पेच गंभीर होता. चिमणीने आपली चाल लिहिली, ‘सोंगटी वर उजवीकडे.’ मी तिच्या समोर बसलेली. माझ्याकडून ते खाली डावीकडे होतं.

“अगं, मग पट फिरवून बघ ना!” चिमणी म्हणाली.

असल्या सोप्या उपायांनी संस्था चालत नसतात. मी ठराव मांडला, यापुढे दोन्ही खेळाडू पटाच्या एकाच बाजूला बसतील. मग आम्ही एका बाकावर, कोपराला कोपर घासत, एकमेकींविरुद्ध लढू लागलो.

पुढे घरांना आकडे दिले. एक आडव्या ओळीचा, एक तिरक्या ओळीचा. पण या पटावर तिरक्या ओळी दोन दिशांना जातात! दुसरीने काय घोडं मारलं होतं? मी प्रत्येक घराला तीन आकडे बहाल केले.

“तिसरा आकडा पहिल्या दोनांतून निघतोच की,” गणिताचे सर म्हणाले.

“सर, प्रश्न गरजेचा नाही, प्रतिनिधित्वाचा आहे.”

सर खडू उचलून फळ्याकडे वळले. मला वाटलं, पटलं त्यांना.

निवडीचा शेवटचा डाव माझ्यात आणि चिमणीत होता. मी हरत आले होते. चिमणीने उड्या मारतच शेवटची सोंगटी ठेवली, आणि मग पेन उघडलं.

“आधी नोंद, मग चाल. नियम माहितीये ना?” मी म्हटलं. “चाल बाद.”

“मी जिंकलेय! दिसत नाही का तुला?”

“दिसतंय गं. पण लिहिलेलं नाही ना.”

तिने पेनाला टोपण लावलं, दप्तर उचललं आणि मंडळ सोडलं. निवड माझी झाली. बिनविरोध म्हणा ना!

स्पर्धेत समोरच्या मुलीला मी शेजारी येऊन बसायला सांगितलं. “का गं, समोर बघायची भीती वाटते?” ती म्हणाली, आणि मी नीट टेकायच्या आत तिने मला हरवलं. माझा पराभव मात्र तीन-तीन आकड्यांत, एकही खाडाखोड न होता उतरला. मुख्याध्यापिकाबाईंनी तो चौकटीत लावलाय. येणारे-जाणारे अक्षराचं कौतुक करतात.

हसा, खुशाल हसा. पण एवढं वाचलंत, तिन्ही आकडे समजून घेतलेत, आणि हा खेळ जिंकतात कसा, हे एकदाही विचारलं नाहीत. आम्हाला अशीच माणसं हवी आहेत. चिमणीची जागा रिकामीच आहे.