बाजीबाचं शंभर टक्के गिऱ्हाईक

एका जंगलात, म्हणजे जिथे नेटवर्क यायचं अशा एका जंगलात, बाजीबा नावाचं अस्वल राहत होतं. त्याचं मधाचं दुकान होतं. उन्हाळ्यात जे विकलं जाई, त्यावर त्याची पिल्लं पावसाळाभर जेवत. गिऱ्हाईक आलं की बाजीबा विचारायचा, "खोकला कसा आहे?" आणि मध द्यायचा. मुलांनो, याला अडाणीपणा म्हणतात.

एकदा कोल्हेसाहेब आले. गळ्यात ओळखपत्र, काखेत लॅपटॉप.

"तुमच्याकडे मार्केटिंगचं सॉफ्टवेअर नाही?" त्यांनी असं विचारलं, की बाजीबाला लाजच वाटली.

सॉफ्टवेअर आलं. त्यात गिऱ्हाइकांची फाईल टाकली, की सगळ्यांना आमंत्रणं आपोआप जाणार होती. बाजीबाने अख्खं जंगल फाईलमध्ये भरलं. साहेबांनी बटण दाबलं. स्क्रीन लालेलाल झाला.

आधी कासव अडलं. त्याच्या जन्मसालावर सॉफ्टवेअरचा विश्वास बसेना.

"ओळ काढा," साहेब म्हणाले.

"अहो, आजोबांपासूनचं गिऱ्हाईक आहे ते!"

"एरर आहे ती. काढा."

मग ससे अडले. सगळ्यांचा पत्ता एकच बीळ, म्हणून तेही गेले. हत्तीचं वजन रकान्यात मावेना. वाघाचं आडनाव भरायचं राहिलं होतं, आणि विचारायला कोणी जाईना.

तेवढ्यात गोदाक्का वानरीण दारात आली. कडेवरचं पोर खोकून खोकून लाल झालं होतं.

"बाजीबा, वाईच मध दे रं बाबा. पोराचा जीव घाबरा झालाय."

बाजीबाने बरणीला हात घातला. साहेबांनी तो धरला. "यांचा पत्ता बघा. आज या झाडावर, उद्या त्या. सिस्टीम घेत नाही यांना."

"आरं, मी तुमच्या म्होरं हुबी हाय की!"

"समोर आहात हो. फाईलमध्ये नाही."

गोदाक्का पोराला छातीशी धरून निघून गेली. बाजीबाला फार वाईट वाटलं. पण शिकलेल्या माणसापुढे बोलायचं कसं?

संध्याकाळी स्क्रीन हिरवा झाला. इम्पोर्ट यशस्वी! एरर एकही नाही! साहेबांनी पेढे वाटले.

फाईलमध्ये एकच ओळ उरली होती. झेब्रा. तो बाजीबाने भरलेला नव्हताच. नमुना म्हणून सॉफ्टवेअरबरोबर आला होता. त्या जंगलात झेब्रा कोणी कधी पाहिलाही नव्हता.

साहेबांनी लगेच अहवाल काढला. "अभिनंदन! तुमचं शंभर टक्के गिऱ्हाईक झेब्रा आहे. आणि झेब्रे मध खात नाहीत. गवत ठेवा."

बाजीबाने सगळा मध फी म्हणून साहेबांना दिला आणि दुकानात गवत भरलं.

पावसाळा लागला. पिल्लं भुकेने कळवळली. "बाबा, जेवायला काय आहे?"

बाजीबाने एक पेंढी सोडली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

तात्पर्य : फाईल कधीच चुकत नाही, मुलांनो, चुकतं ते गिऱ्हाईक. ते वेळीच काढून टाकावं, आणि घरच्यांना गवताची सवय लावावी.