साळूबाईची सात पत्रं

एका जंगलात, बाळांनो, फार वर्षांपूर्वी एक आवाज पहिल्यांदा ऐकू आला. टुण्ण!

हरणं पळाली. माकडं शेंड्यावर गेली. वाघोबा महाराज गुहेत शिरले आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "आम्ही गुहेची पाहणी करत होतो."

मग कळलं, की टपालाच्या नव्या यंत्रात पत्र आलं की ते तसं वाजतं.

यंत्राचं काम खवल्या मांजराकडे होतं. त्यांना सगळे खवलेअण्णा म्हणत. अण्णा म्हातारे होते, मऊ स्वभावाचे होते. कुणी रागावलं की अंगाचा गोळा करून बसत. कारकुनाला एवढा गुण पुरतो. टपालघर वारुळाला लागून होतं, त्यामुळे जेवायला लांब जावं लागत नसे.

पुढे जगात आणखी नवी यंत्रं आली. पण महाराजांना जिथं बटण आहे तिथंच पंजा ठेवायची सवय. "नव्या यंत्रात बटण सरकलं तर आम्ही काय करायचं?" ते म्हणाले. जुनंच यंत्र राहिलं. ते बनवणारं दुकान बंद पडलं, तरी यंत्र चालू होतं.

त्या यंत्रात सगळ्या जंगलाची पत्रं एकाच गाठोड्यात पडत. गाठोडं फुगलं की यंत्र विचारी, 'आवळून बांधू का?' खाली दोन बटणं असत. 'हो' आणि 'नंतर'. हो म्हटलं तर अख्खी दुपार यंत्र बंद राहणार. अण्णा 'नंतर' दाबत. नऊ वर्षं त्यांनी 'नंतर' दाबलं.

मग जागा कशी करायची? त्यासाठी हुकूम होता. दर सोमवारी लहान जनावरांची थोडी पत्रं पुसायची. महाराजांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांना हात लावायचा नाही. त्या एकतीस हजार होत्या.

अण्णा डोळे मिटून पुसत. उघडे ठेवले असते तर त्यांच्याच्यानं पुसवलं नसतं.

त्याच जंगलात साळूबाई साळिंदरीण राहायची. तिचा मुलगा भुरू नदीपलीकडच्या जंगलात कामाला गेला होता. तिकडून त्याची सात पत्रं आली. मग यायची थांबली. साळूबाईला वाचता येत नव्हतं. ती रोज सकाळी टपालघरात यायची. ती सात पत्रं अण्णांनी सोमवारच्या पुसण्यातून वेगळी जपून ठेवली होती.

"अण्णा, आज तिसरं वाचा."

"'आई, इथले कंद फार बेचव आहेत...'"

"फार नाही. 'लई' लिहिलंय त्यानं."

अण्णा पुन्हा बघत. 'लई'च असे.

"सगळं पाठ आहे की तुला. मग ऐकतेस कशाला?"

"पाठ आहे ते माझ्या आवाजात, अण्णा. तुम्ही वाचलंत की वाटतं, आजच आलंय." मग ती उठता उठता म्हणायची, "रुसलाय तो. जाताना मी बोलले होते त्याला. रुसू दे. येईल आठवं."

अण्णाही म्हणत, "येईल."

एका वर्षी महाराजांचा वाढदिवस आला. सकाळपासून शुभेच्छा सुरू झाल्या. टुण्ण, टुण्ण, टुण्ण. दुपारी यंत्र नुसतं 'टु' म्हणालं आणि थांबलं. यंत्राच्या पाटीवर अक्षरं आली, 'गाठोडं उघडत नाही.'

सगळं जंगल जमलं. वानर प्रधानानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. रानरेड्यानं त्याच्या पाठीत थाप मारली. मोरानं लिंबू-मिरची बांधली. मिरची पोपटानं खाल्ली. गाठोडं उघडलं नाही.

साळूबाई दाराशी उभी होती. "अण्णा, माझी सात?"

"आणतो परत. सगळ्यांच्या आधी तुझी सात," अण्णा म्हणाले. त्यांनी त्या दिवशी वारुळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी शहरातून एक उंदीर बोलावला. फाटक्या गाठोड्यांतून पत्रं काढण्यात त्याचा हातखंडा होता. पूर्वी तो गाठोडी कुरतडायचा. म्हणजे धंदा तोच, नुसती दिशा बदललेली.

"आधी नमुन्याची फेरी," उंदीर म्हणाला. "यात प्रत्येक पत्राची फक्त पहिली ओळ दिसते. ज्यानं त्यानं आपलं ओळखायचं. मग किल्ली लावली की पूर्ण पत्र."

त्यानं बटण दाबलं. पाटीवर ओळी आल्या.

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

अशा अकरा हजार ओळी आल्या.

"हे काय?" उंदीर म्हणाला.

"शिस्त!" वानर प्रधान छाती काढून म्हणाला. "आमच्या जंगलात पत्राची पहिली ओळ सरकारनं ठरवून दिली आहे."

"मग यातलं कुणाचं कुठलं?"

प्रधानानं डोकं खाजवलं. किल्ली लावायचं ठरलं. महाराजांनी नेहमीच्या जागी पंजा ठेवला. यंत्र दुपारभर घरघरलं, आणि पत्रं बाहेर पडू लागली.

पहिलं पत्र तरसाचं निघालं. 'महाराजांचे दात हलू लागले आहेत, आपण तयारीत असावं.' तरसानं ते लिहून लगेच पुसलं होतं, आठ वर्षांपूर्वी. मग वानर प्रधानाचे तीन राजीनामे निघाले. तेही लिहून पुसलेले. मग वाघीणबाईंनी माहेरी लिहिलेलं एक पत्र आलं. ते महाराजांनी स्वतः वाचलं आणि पंजाखाली घेतलं.

कुणी कुणाकडे बघेना.

"आमच्या शुभेच्छा कुठं आहेत?" महाराज गुरगुरले.

"त्या गेल्या, महाराज." उंदीर समजावू लागला. "या यंत्रात पुसलेलं पत्र जात नाही, नुसतं तळाशी सरकतं. गाठोडं आवळून बांधलं तरच ते जातं. ते तर इथं कधी झालंच नाही. आता बटाट्याचं पोतं वरून भिजावं, तसं झालंय. वरचं, जपून ठेवलेलं, सगळं सडलं. तळाचं, पुसलेलं, सगळं शाबूत."

अण्णा पुढे सरकले. "आणि साळूबाईची सात?"

"जपलेली होती ना? मग गेली." उंदरानं यादीवरून शेपटी फिरवली. "पण थांबा. तिच्या नावानं एक आहे."

"एकच? कुठलं, तिसरं का?" अण्णांनी विचारलं.

"त्या सातांतलं नाही ते. वेगळंच आहे."

साळूबाईचे काटे आनंदानं खळखळ वाजले. "आठवं! मी म्हटलं नव्हतं, येईल? वाचा, अण्णा, वाचा!"

अण्णांनी चष्मा पुसला आणि ते वाचायला लागले.

"'साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आई, पायावर झाड पडलं. नदीच्या या काठाला उंबराखाली बसलोय. लई दुखतंय. पाणी उतरलंय, न्यायला ये. अमावस्येपर्यंत वाट बघतो.'"

काट्यांचा आवाज थांबला.

"कुठली अमावस्या, अण्णा?"

अण्णांनी तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. "चार वर्षं झाली," ते म्हणाले.

"आणि इकडे बघा, इकडे!" उंदीर आनंदानं पुढे झाला. "कधी पुसलं, कुणी पुसलं, तेही परत आणलंय मी. वार सोमवार. पुसणारे, खवलेअण्णा. एवढं बारीक काम शहरातसुद्धा कुणी करत नाही!"

वानर प्रधानानं टाळी वाजवली. दुसरी वाजवायच्या आत त्याला कळलं, की आपण एकटेच वाजवतोय.

तेवढ्यात दुरुस्त झालेलं यंत्र वाजलं. टुण्ण! वाढदिवसाची एक शुभेच्छा मागं राहिली होती.

अण्णांनी अंगाचा गोळा केला. गोळ्यातून बारीक आवाज आला, "साळू, मी ते वाचलंही नव्हतं गं."

साळूबाई त्या गोळ्यासमोर उभी राहिली. आता ती काटे फुलवणार म्हणून सगळे मागे सरले. वाघोबा महाराजही सरले.

काटे फुलले नाहीत. ती वळली, आणि नदीच्या वाटेनं चालू लागली.

तात्पर्य : तुम्ही म्हणाल, पत्र वाचल्याशिवाय पुसू नये. तसं नाही, बाळांनो. गाठोडं दर सोमवारी न चुकता आवळून बांधावं, असं त्या जंगलानं ठरवलं. म्हणजे पुसलेलं पुन्हा सापडत नाही, आणि सगळ्यांना शांत झोप लागते.