पाठीवरचा बिल्ला

आमच्या कारखान्यात अणुभट्टीचं इंधन तयार होतं आणि कामगारांना किरणोत्सर्गापासून जपण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. नव्या युरेनियमच्या गोळ्या हातमोजे घालून हाताळल्या तरी भागतं. यंदा मात्र वापरलेल्या इंधनातून परत मिळवलेलं युरेनियम आलं. दिसायला अगदी तसंच. पण किरणं जास्त, आणि पडून राहील तशी वाढत जाणारी. त्यासाठी टेबलापुढे शिशाची भिंत हवी, असं मी साहेबांना सांगितलं. साहेबांना ते तत्त्वतः पटलं. भिंतीची मागणी वर गेली आणि काम खाली भिंतीविनाच सुरू झालं.

महिनाअखेरीस कामगारांच्या छातीवरच्या, किरणं मोजणाऱ्या बिल्ल्यांनी मर्यादा ओलांडली. साहेबांनी मला बोलावलं.

"छाती टेबलाच्या फार जवळ येते," ते म्हणाले. "माणसाला पाठही असते ना?"

असल्या बाबतीत माझी आकलनशक्ती तल्लख आहे. बिल्ले पाठीवर गेले. भिंतीचं काम कामगारांच्या शरीरानेच केलं आणि आकडे निम्म्यावर आले. उरलेल्या निम्म्याचा सखोल अभ्यास करून मी बिल्ले कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला टांगायला लावले. आकडे नाहीसे झाले. कारखान्याला सुरक्षिततेचं पारितोषिक मिळालं. ते मी स्वीकारलं. "आमच्याकडे नवं-जुनं असा भेदभाव नाही," असं भाषणही ठोकलं.

घरी आलो तर बायको दारातच उभी. तिचा धाकटा भाऊ त्याच टेबलावर कामाला होता.

"त्याला काही होणार नाही ना?"

"आकडे उत्तम आहेत."

"मी आकड्यांचं नाही विचारत. माझ्या भावाचं विचारतेय."

मला जेवण गेलं नाही. सकाळी जाऊन पहिलं काम केलं ते मेहुण्याला नव्या इंधनाच्या विभागात हलवण्याचं. तो माझ्या खोलीत आला.

"दाजी, मला का हलवलं?"

"तिकडे तुझी जास्त गरज आहे."

"मग माझ्या टेबलावर कोण?"

"बघू."

तो गेला. मी खाली मान घालून फायली चाळल्या. त्या कामात मी निष्णात आहे.

दुपारी त्या टेबलावर दुसरा कोणीतरी बसला. कोणाचा कोण, मी विचारलं नाही. मेहुणा सुटला म्हणून तुम्हाला आत्ता हायसं वाटलं असेल, तर तुम्हीही विचारलेलं नाही.