न धुतलेला शर्ट

शनिवारी संध्याकाळी ऑर्लिन फाल्क पांढरे हातमोजे घालून तो शर्ट घेऊन आला, तेव्हा लायल तोर्विक स्वयंपाकघरात उजव्या खांद्यावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी धरून बसला होता.

शर्ट लायलच्या आजोबांचा, म्हणजे सिवर्ट तोर्विकचा. १९३१ साली सिवर्टने हालब्रू गावासाठी सलग तीन दिवस बेसबॉलच्या तीन सामन्यांत चेंडू फेकला होता. तिसऱ्या दिवशी तर हात वर न नेता कमरेजवळूनच फेकून त्याने शेजारच्या क्रोमन गावाला धूळ चारली. त्या संध्याकाळी अंगातून उतरलेला शर्ट तसाच काचेच्या कपाटात गेला. तेव्हापासून त्याला पाणी नाही, सुई नाही, ऊन नाही. धुतला तर गावाचं यश धुऊन जाईल, अशी हालब्रूची पक्की समजूत. गावातली पोरंही तेव्हापासून कमरेजवळूनच फेकायला शिकतात आणि चाळिशीत कोपर धरून बसतात. वारसा म्हटला की एवढं चालायचंच.

"उद्या क्लबची शंभरी," संघाचा कारभारी ऑर्लिन म्हणाला. "शर्ट तू घालायचास आणि सामना संपेपर्यंत काढायचा नाहीस. समितीचा ठराव आहे."

"शुक्रवारीच नऊ डाव फेकलेत यानं," लायलची बायको रेने भांडी आदळत म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, पाच दिवस पूर्ण विश्रांती. परत ताणला तर खांदा कायमचा गेला. मग साठ गायींचं दूध कोण काढणार? तुमची समिती?"

"सिवर्टनं कुठे घेतली होती विश्रांती?"

"एकच दिवस गं," लायल म्हणाला. "शंभरीला तोर्विकच बाकावर बसला तर लोक काय म्हणतील?"

"शहाणा आहे म्हणतील. आयुष्यात पहिल्यांदा."

तेवढ्यात बोर्गहिल्ड आत्या केक घेऊन आली. सिवर्टची ही धाकटी मुलगी अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि अजून स्वतःच गाडी चालवायची, त्यामुळे गाव तिला वचकून असे. "बाबांचा शर्ट जरा एकटीला बघू दे," ती म्हणाली आणि शर्ट घेऊन पुढच्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने डोळे पुसत बाहेर आली. म्हातारीला भरून आलं असेल म्हणून कुणी काही विचारलं नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव मैदानावर लोटलं. ऑगस्टची भर दुपार, पण तळ्यावरचं धुकं उठायला तयार नव्हतं. मैदानाच्या कडेला मका माणसापेक्षा उंच उभा होता आणि त्याचं एक पान हलत नव्हतं. बँडने दोन गाणी वाजवली, पण सूर धुक्यात शिरून कुठे गेले ते कळलं नाही. क्रोमनवाले नेहमी शिव्या देत मैदानात उतरतात, ते आज कुजबुजत उतरले.

लायलला शर्ट सगळीकडून आवळत होता. आजोबा आपल्यापेक्षा बारीक होते, अशी त्याने मनाची समजूत घातली. त्याने चेंडू घेतला, हात मागे नेला, वर उचलला, आणि हात खांद्याच्या खालीच थांबला. चेंडू सुटून चार पावलांवर पडला.

लोकांना वाटलं, गंमत करतोय. दुसरा चेंडूही तिथेच पडला. तिसरा भरकटला तो थेट पास्टरसाहेबांच्या सरबतात.

डूएन हा चेंडू झेलणारा. तो मुखवटा वर करून धावत आला. "काय झालं रे?"

"कुणीतरी धरतंय," लायल पुटपुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हळूच धरतंय, पण सोडत नाही."

डूएनने मागे पाहिलं. मागे धुकं होतं. "मागे कुणी नाहीये, लायल."

"तेच तर सांगतोय ना!"

डूएन गेला तो आपल्या जागेवर न थांबता पार कुंपणापर्यंत गेला. बातमी बाकांवरून पसरली: सिवर्ट आलाय. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. नेमक्या त्याच क्षणी धावफलकावरची पत्र्याची पाटी आपोआप निसटून खाली आदळली. खिळा कधीचा सैल होता, पण त्या घटकेला खिळ्याचा विचार कुणाच्या मनात येणार? क्रोमनच्या गड्याने बॅट खाली ठेवली.

"मी नाही उभा राहणार. जिवंत माणूस असेल तर बोलवा."

पंच पास्टरसाहेबांकडे गेला. "तुमच्याकडे यावर काही प्रार्थना?"

"यावर नाही," पास्टर सरबत झटकत म्हणाले. "पावसासाठी आहे. चालेल का?"

"शर्ट काढू का?" लायलने ओरडून विचारलं.

"ठराव आहे!" ऑर्लिनचा आवाज चिरकला. "कमरेजवळून फेक! आजोबा तेच सांगतायत तुला! सिवर्टसारखा फेक!"

सगळं मैदान उभं राहिलं. लायल वाकला. कमरेजवळून हात खरंच मोकळा फिरत होता. त्याने तो मागे नेला आणि खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी त्याने चेंडू सोडला नाही. तोर्विकच तो! रेने बाकावरून उठली.

"लायल!" आत्याचा आवाज धुक्यातून आला. "त्या तिसऱ्या सामन्यानंतर बाबांचा हात डोक्यापर्यंत कधी पोचला नाही. रोज सकाळी आई त्यांचे केस विंचरायची. चाळीस वर्षं! ते नाही ठेवलंत काचेत?"

लायलने हातातल्या चेंडूकडे बराच वेळ पाहिलं. मग तो खाली वाकला, चेंडू मातीत अलगद ठेवला, आणि बाकावर जाऊन आडवा झाला. दोन मिनिटांत तो घोरत होता.

त्याच्या जागी पोस्टमन वेसने फेकलं आणि हालब्रू अकरा-दोनने हरलं. पण जिंकूनही क्रोमनवाले जेवायला थांबले नाहीत. अंधाराच्या आत त्यांना घर गाठायचं होतं.

सामना संपला म्हणजे ठरावही संपला. रेने आणि आत्याने मिळून झोपलेल्या लायलच्या अंगातून शर्ट सोलून काढला. तो कूस बदलून पुन्हा घोरू लागला.

"आत्या, रागावू नका," रेने खालच्या आवाजात म्हणाली. "सकाळी हा गोठ्यात होता ना, तेव्हा शर्टाच्या बगलेत टाके मी घातले. त्याला दिसू नये म्हणून दिवासुद्धा लावला नाही."

आत्याने तिच्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. "तू? अगं, मी कालच घातले होते की, चष्म्याशिवाय, चाचपडत!"

दोघी तोंडावर हात दाबून हसल्या. मग आत्याने पर्समधली छोटी कात्री काढली आणि शर्ट उलटा केला. हिरवा दोरा रेनेचा होता. काळा आत्याचा. रेनेचं बोट तिथेच थांबलं.

"आणि हा पिवळा?"

दोन्ही दोऱ्यांच्या खाली टाक्यांची आणखी एक ओळ होती. बारीक, घट्ट, लोकरीत रुतून बसलेली. दोरा कधीकाळी पांढरा असावा. आत्याने चष्मा चढवला आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं. मका तसाच स्तब्ध होता.

"हा हात ओळखते मी," ती म्हणाली. "माझ्या लहानपणच्या सगळ्या फ्रॉकांना हेच टाके होते."

"म्हणजे आजोबा त्या दिवशी कमरेजवळून फेकत होते, ते..."

"वर जातच नव्हता हात. आईनं शिवून टाकला होता."

समोर ऑर्लिन चार पाहुण्यांना गोळा करून हालब्रूची जगप्रसिद्ध फेक शिकवत होता. पाहुणे कमरेजवळून हात फिरवत होते आणि हळूच कोपर चोळत होते.

आत्याने हिरवा दोरा कापला, काळा कापला. पिवळ्याला तिने कात्री लावली नाही.

"आईनं एवढं शिवलं, तरी बाबांनी ऐकलं नाहीच," ती म्हणाली आणि बाकाकडे वळून पाहिलं. "तुझा निदान झोपला तरी."