विटेकर साहेबांचे वेताची हकीकत

श्रीखंडेराय रक्षिता. शके अठराशें अडतीस, नलनाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य नवमी, ते दिवशींचे वर्तमान जैसे कानी आले तैसे लिहिले असे.

समुद्रापलीकडील दोन बादशाह्यांत कलह लागला. कशास लागला हे थोरांस ठाऊक. फौजा वाळवंटी उतरल्या, आणि त्यांत मावळचे शंभर गडी, आणि गड्यांवर कप्तान विटेकर साहेब. मूळ नाव परके, गड्यांच्या जिभेने आपलेसे केले. साहेब उंच, शिडशिडीत, मिशा मक्याच्या कणसाच्या केसांसारख्या, आणि नवल हे की लढाईस जातेसमयी तलवार न घेत, बंदूक न घेत. हाती एक वेताची काठी, इतकेच. गोळ्या लाह्यांसारख्या फुटत, आणि साहेब काठी फिरवीत पुढे, जैसा कोणी आपल्या शिवारात पीक पाहत चालिला. मग लष्करात कुजबुज जाहली. नाईक सिदू काळोखे बोलिले, "सुभेदार, हा वेत साधा नव्हे. आमच्या गावच्या देवऋष्याकडे असाच आहे. भूत काय, पटकीची साथसुद्धा पळते." सुभेदार राणोजी धुमाळ हासिले, "सिद्या, गोऱ्याला कोठली देवी पावते रे?" "पावल्याविना का गोळी चुकते? तुम्हांस चुकली का? मागले खेपेस कान नेला की!" सुभेदारांनी उरला कान चाचपिला. मग एके सकाळी साहेब मुख धूत असता गड्यांनी वेतास हळदकुंकू वाहिले. साहेबांनी पाहिले, पुसिले नाही.

नवमीस गनिमाने पाण्याची वाट तोडिली. खंदकात चौदा जायबंदी, त्यांत सुभेदारांचा धाकटा भाऊ कोंडिबा, पोटरी फुटलेली, जीभ सुकून चामडे जाहली. विहीर समोर चारशे पावलांवर, आणि विहिरीवर गनीम. वैद्य बोलिला, "दिवस मावळेतो पाणी न मिळे तर हे न वाचत." मग साहेबांनी वेत उचलिला आणि चालिले, आणि धडधाकट गडी मागे, आणि शंभर पावले गेली, दोनशे गेली, तो एक गोळी आली आणि वेताचे दोन तुकडे जाहले. गडी भुईस पालथे पडिले. सिदू ओरडले, "देवी गेली! आता कोणी उठू नका!"

साहेबही गुडघ्यांवर बसले. सुभेदार रांगत जवळ गेले, आणि पाहतात तो साहेबांचा हात पिंपळपानासारखा कापतो आहे. "साहेब, काठीत काय होते?" "काही नव्हते, राणोजी. बाजारात घेतली. माझा हात कापतो, पहिल्या लढाईपासून कापतो. काठी फिरती ठेविली की कोणास कळत नाही. बंदूक घेतली तर नळी कापताना सारे पाहतील." सुभेदारांस नवल वाटले. ज्यास भय नाही तो चालतो, त्यात काय. हा भीत भीत इतका चालिला! मग कोंडिबाचे तोंड डोळ्यांपुढे आले, आणि सुभेदारांनी तो कापता हात आपले हाती घेतला, जैसे जत्रेत चुकू नये म्हणोन भाऊ भावाचा धरितो, आणि बोलिले, "चला साहेब. कापतो तर कापू दे. मी धरिला आहे." मग दोघे उठिले, एक गोरा, एक सावळा, हातात हात, आणि चालिले. गडी पाहतच राहिले. मग सिदूच बोलिले, "अरे, लाज आहे का? म्हातारा नवरा नवरी घेऊन निघाला, आणि आपण वऱ्हाडी लोळत!" आणि हशा जाहला, आणि हशासरशी सारे गडी उठिले, आणि दिवस मावळायचे आत विहीर घेतली.

पाणी आले. सुभेदारांनी कोंडिबाचे ओठी तांब्या लाविला, तो पाणी गळ्यावर सांडू लागले. कोंडिबा बोलिला, "दादा, तुझा हात का कापतो?" "माझा नव्हे रे. साहेबांचा माझेकडे राहिला. तू पी."

सारांश, तिघे गडी खर्ची पडिले, चौदा वाचले. साहेबांस बादशहाने पदक दिधले आणि कागदी लिहिले की, हे अत्यंत निर्भय. साहेबांनी तो कागद सुभेदारांस वाचून दाविला आणि दोघे बहुत हासिले. इतके वर्तमान. लिहिणारास विसावा, ऐकणारास पाणी.