डिकीतले रशीदमिस्त्री

पाथर्डीत आमच्या डॉक्टरांच्या मोटारीची डिकी गळू लागली की रशीदमिस्त्री चपला काढायचे, टोपी माझ्या हातात द्यायचे आणि थेट डिकीत जाऊन झोपायचे. सहा फुटांचा माणूस, गुडघे हनुवटीला लावून. आतून हुकूम यायचा, "कंपाउंडरसाहेब, झाकन लावा आन वता पानी!"

मग मी बादली-तांब्या घेऊन मोटारीला अंघोळ घालायचो. आतून एक टकटक म्हणजे ओता, दोन म्हणजे थांबा आणि तीन म्हणजे "तुमाला अक्कल न्हाई." तीन टकटक मला फार ऐकाव्या लागत.

आत शिरण्यापूर्वी ते डिकीभर चुलीची राख भुरभुरवत. पाणी जिथून आत येई तिथून राखेवर ओघळ उमटे. पद्धत बिनतोड होती, पण तासाभरानं बाहेर पडणारे मिस्त्री थेट गोसावी दिसत. "पानी चोर हाय," ते दाढी झटकत सांगत. "गळतंय एकीकडं, घुसतंय दुसरीकडं." मोटार विलायती, म्हणून विलायतेवर त्यांचा विशेष राग. "डिकी बनवनाऱ्याला एक पावसाळा आत कोंडायला पायजे! तिकडं काय पाऊस पडत न्हाई?"

लढाईचे दिवस. नवं रबर औषधालाही मिळत नव्हतं. मिस्त्री सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून, डांबर लावून भागवत. आमच्या डिकीत बाळंतपणाचा कापूस आणि उकळून वाळवलेली फडकी असायची. ती भिजली की डॉक्टर मिस्त्रींना सोडून मला फैलावर घेत.

गणपती उठल्यानंतर पावसानं झोड उठवली होती, तेव्हाची गोष्ट. तीन दिवस झोपून मिस्त्रींनी चोर पकडला. मागच्या काचेखालचा सांधा! आनंदाच्या भरात त्यांनी जुनं डांबर इतकं खरवडलं की बोटभर भोकाचं तळहाताएवढं झालं. तेवढ्यात तीन कोसांवरच्या वाडीतून एकजण आई आणि धाकट्या भावाला घेऊन धावत आला. बायको दोन दिवस अडली होती.

"मोटार काढा," डॉक्टर म्हणाले.

"आज न्हाई जमनार, डाक्टरसाहेब. डांबर सुकायला उद्या उजाडंल."

"अहो, चिंधी कोंबा भोकात!"

"चिंधी आदी पानी पिती, मग वकती. बाळंतिनीची फडकी हायेत ती."

डॉक्टर खवळले. मागच्या सीटवर ती तिघं चिंब भिजलेली, दाटीवाटीनं बसलेली, पुढं माझ्या मांडीवर हत्यारांची पेटी. कापूस-फडक्यांचं गाठोडं कोरडं ठेवायला डिकीशिवाय जागा नव्हती. मिस्त्रींनी एकवार आभाळाकडं पाहिलं, टोपी खिशात कोंबली आणि गाठोडं पोटाशी धरून डिकीत आडवे झाले. तळहात भोकावर दाबला.

"श्वास कोंडेल, मिस्त्री!" मी म्हणालो.

"बोटाच्या फटीतनं येतोय की. लावा झाकन."

वाडीपर्यंत रस्ता कसला, नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मागून विलायतेचा उद्धार ऐकू येत होता. पोचल्यावर मी डिकी उघडली. मिस्त्रींनी गाठोडं पुढं केलं. अगदी कोरडं ठणठणीत! ते घेतलं, सवयीनं झाकण धाडकन लावलं आणि घराकडं पळालो.

पुढचा तासभर मला कशाचीच शुद्ध नव्हती. अखेर आतून पोरीचा टाहो ऐकू आला, म्हातारीनं देवाला हात जोडले आणि मला एकदम आठवलं, मिस्त्री! धावत जाऊन झाकण उघडलं. आता आपला आणि आपल्या सात पिढ्यांचा उद्धार होणार, अशी मनाची तयारी केली होती.

मिस्त्री तसेच पडून होते. डिकीत जपायला काही उरलं नव्हतं, तरी हात भोकावरच होता.

"रडलं न्हवं?" त्यांनी विचारलं. "का मला भास झाला?"

"रडली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

ते घराकडं बघत म्हणाले, "आमच्या घरवालीला दोनदा झालं. दोनी बारी दाराला कान लावून उभा हुतो. एकदा बी आवाज आला न्हाई."

मिस्त्रींना मूलबाळ नाही एवढं गावाला ठाऊक होतं. त्यापलीकडं कुणी कधी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली. "चला, बाहेर या," म्हणून मी हात पुढं केला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "अजून रडतीय. ऐकू द्या."

मी झाकण धरून पावसात उभा राहिलो आणि पोरीनं आणखी थोडा वेळ रडत राहावं, असं मनोमन म्हणत राहिलो.