जाधवकाकांची आडवी गाडी

आमच्या बाळकुमच्या सोसायटीत रोज सकाळी सात वाजता एक साठीचा माणूस लाल रंगाच्या, दोन दारांच्या, जमिनीला जवळजवळ पोट टेकलेल्या गाडीतून उतरतो. स्पीडब्रेकरच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन लाकडी पाट मांडतो. पुन्हा गाडीत बसतो, पाटांवरून गाडी चढवतो, उतरवतो, परत खाली येऊन पाट काखेत मारतो आणि पुढच्या स्पीडब्रेकरकडे निघतो. सोसायटीत स्पीडब्रेकर सहा आहेत. पाट त्यांच्या लग्नातले आहेत.

हे अशोक जाधव. आमचे जाधवकाका. एकतीस वर्षं त्यांनी शहरातली बस चालवली आणि एकतीस वर्षांत बसला एक ओरखडा उठू दिला नाही. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघे दाखवायला जातात. काकाही दात दाखवायला गेलेले. तिथे बाहेरच्या टीव्हीवर त्यांनी एक गाडी पाहिली. ती पुढे जायची ती आडवी. मागची चाकं घसरतायत, धूर निघतोय, तोंड एकीकडे आणि गाडी भलतीकडे.

"आणि ड्रायव्हर हसत होता, सेक्रेटरीसाहेब!" काका मला म्हणाले. "एकतीस वर्षांत मी गाडी चालवताना हसणारा ड्रायव्हर पाहिला नाही."

मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे लोकांची स्वप्नं मला तक्रारीच्या रूपात आधी कळतात. काकांचं स्वप्न मात्र मला थेट कळलं, कारण ते माझ्या पार्किंगच्या शेजारी टेम्पोतून उतरलं.

कल्याणच्या पुढे कुठल्याशा भंगारवाल्याकडे त्यांना ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार सापडली होती. काच नव्हती, छताला भोक होतं आणि मागच्या सीटच्या जागी अळू उगवलेलं. त्यांच्या पत्नी शालिनीकाकूंनी गाडीकडे पाहिलं, मग अळूकडे पाहिलं.

"गाडीचं काय ते तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "अळू मात्र झकास आहे."

त्या संध्याकाळी आमच्या विंगमध्ये घरोघरी अळूवडी पोचली. गाडीबद्दल पहिले तीन महिने कोणी तक्रार केली नाही, त्याचं कारण ती अळूवडी.

मग काम सुरू झालं. "सरळ तर कोणीही जातं" हे काकांचं वाक्य तेव्हापासूनचं. दुधाच्या पिशव्या आणायला गेले तरी ते म्हणायचे. गाडी आडवी घसरायची तर मागची दोन्ही चाकं एकदम फिरायला हवीत, म्हणून त्यांनी त्या दोन चाकांमधला गिअरचा डबा वेल्डिंग करून घट्ट केला. परिणाम असा झाला की गाडी हळू वळली की टायर फरशीवर किंचाळायचे. वजन कमी करायचं म्हणून मागची सीट काढली, गालिचे काढले, दारांची अस्तरं काढली. हँडब्रेकचा दांडा असा लांब बसवला की शेजारच्या परबकाकूंना वाटलं, ऊस आणलाय.

गाडीबरोबर आलेलं छोटं स्टिअरिंग मात्र त्यांना पटेना. "हे स्टिअरिंग आहे की पुरी?" ते म्हणाले, आणि मोडीत निघालेल्या टेम्पोचं परातीएवढं चाक त्यांनी बसवलं. आता मांड्या आत जाईनात. मग अशी पद्धत ठरली: काका आधी आत शिरणार, मग काकू खिडकीतून स्टिअरिंग देणार, ते बसवून घट्ट करणार. उतरताना उलट; म्हणून सकाळच्या पाटांच्या फेरीतही काकू गाडीबरोबर चालतात. काकू एकदा फोनवर बोलत वर निघून गेल्या. काका पाऊण तास गाडीत बसून होते.

शेवटी तक्रारी आल्याच. कमिटीच्या बैठकीत परब म्हणाले, "ही गाडी नाही, भंगार आहे. पार्किंगमध्ये भंगार ठेवता येत नाही."

काका उभे राहिले. "जयभीम सगळ्यांना. गाडी चालते."

"कुठे चालते? स्पीडब्रेकरपर्यंत!"

ठराव झाला. शीळच्या बाजूला एका बंद कारखान्याच्या पटांगणात हौशी लोकांची आडव्या गाड्यांची स्पर्धा होती, काकांनी त्यात नाव दिलेलं. तिथे गाडी आडवी गेली तर राहील, नाहीतर भंगारात. आणि खात्री करायला सेक्रेटरीने स्वतः गाडीत बसायचं.

मी काकूंना विचारलं, "तुम्ही नाही येणार?"

"मला रिक्षातसुद्धा मळमळतं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा. आणि ते स्टिअरिंग तेवढं आठवणीने द्या त्यांना."

गाडी टेम्पोवर चढवून नेली. अशी गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही आणि नियम मोडणं काकांच्या रक्तात नाही. पटांगणात सगळे पंचविशीचे, दाढ्या कोरलेले, टोप्या उलट्या. काका इस्त्रीच्या शर्टात. मी खिडकीतून स्टिअरिंग दिलं, हेल्मेट घातलं आणि शेजारी बसलो. सरावाच्या फेऱ्यांत शेजारी माणूस बसवलेला चालत होता.

पहिल्या वळणावर गाडी घसरायला लागली आणि काकांनी ती क्षणात सरळ केली. दुसऱ्या वळणावर तेच. आम्ही अख्खी फेरी अशी मारली की कोणाच्या हातातला चहा सांडला नसता. कडेला पोरं हसत होती.

"काय झालं काका?"

त्यांच्या कपाळावर घाम होता. "जमत नाही हो. मागे लोक उभे आहेत असं वाटतं. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया. पडतील ना."

"काका, मागे सीटसुद्धा नाही."

त्यांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नक्की रिकामी?"

"नक्की. तिथलं अळूसुद्धा आपण खाल्लंय."

काकांनी इंडिकेटर दिला. वळणाआधी इंडिकेटर दिल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकतच नाही. मग लांब दांडा ओढला, परात गरागरा फिरवली, आणि जग माझ्या खिडकीतून आडवं वाहायला लागलं. टायरचा धूर नाकात गेला. मी ओरडत होतो. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून नव्हे, लहान मूल ओरडतं तसा. तीन वळणं गाडी आडवी गेली, प्रत्येक वळणाला नियमाप्रमाणे इंडिकेटर देऊन. कडेची पोरं आता शिट्ट्या मारत होती.

स्पर्धेत काका शेवटून दुसरे आले. अहवालात मी एकच वाक्य लिहिलं, "गाडी चालते", आणि परबांनीही त्यावर सही केली.

पण एक गोष्ट अहवालात नाही. सरावाची ती फेरी संपल्यावर काकांनी गाडी पटांगणाच्या कडेला लावली आणि इंजिन बंद केलं. ते हसत असतील म्हणून मी पाहिलं, तर ते समोर बघत होते.

"तुम्ही ओरडलात ना," ते म्हणाले. "बरं वाटलं."

"मी घाबरलेलो, काका."

"असू दे. कानाशी आवाज आला माणसाचा." त्यांनी रुमालाने मान पुसली. "बसमध्ये डोक्यावर पाटीच असते, चालकाशी बोलू नये म्हणून. लोक ती पाळतात हो. खच्चून भरलेली गाडी, मागे भांडणं, हसणं, लग्नाच्या गोष्टी, सगळं ऐकू येतं. पण आपल्याशी कोणी बोलत नाही. आणि शेजारी तर सीटच नसते."

त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि विचारलं, "स्पर्धेत अजून अर्धा तास आपला नंबर येत नाही. मारायची एक फेरी? हळू नेतो. तुम्ही फक्त बोलत राहा."

"कशावर बोलू?"

"काहीही."

मी माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगायला लागलो. काकांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मान माझ्याकडे किंचित कलती ठेवून म्हणाले, "हां, मग? डॉक्टर काय म्हणाले?"